तारीख ठरवून उठणारे नाना

मतदानाला पाच दिवस उरले होते. मंगळवारी सकाळी पिंपळटेकच्या चावडीच्या दारावर एक कागद लागला. गावात गॅस्ट्रोची साथ आहे, म्हणून रविवारची ग्रामपंचायतीची निवडणूक रद्द करण्यात येत आहे, पुढील आदेश यथावकाश देण्यात येतील, असं त्यावर लिहिलं होतं.

त्या कागदाची नक्कल मी पाहिली ती आठ महिन्यांनी, धुळ्याला पाचव्या गल्लीतल्या आमच्या वाचनालयाच्या टेबलावर. तिच्यावर त्र्यंबकनानांचं बोट टेकलेलं होतं.

“बाई,” नानांनी विचारलं, “हे यथावकाश म्हणजे कोणता वार?”

मी त्या वाचनालयात ग्रंथपाल होते. नाना वकील होते, पण मला ते आधी वाचक म्हणूनच माहीत. कोर्ट सुटलं की सायकल भिंतीला टेकवून ते आत येत, खिडकीजवळची खुर्ची धरत आणि जे हाती लागेल ते वाचत. जे हाती लागेल ते म्हणजे खरोखरच काहीही. वर्तमानपत्रातली नोटीस, जुनं राजपत्र, काडेपेटीवरचा मजकूर. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा शेंगदाणे खिशात ओतून ते सरळ करत आणि वाचत. एकदा अशा पुडीवर एका कथेचं अर्धं पान निघालं. कथेतली बाई विहिरीच्या काठाशी येऊन उभी राहते आणि कागद संपतो. नानांनी पुढचे चार दिवस मला सोडलं नाही. “बाई, त्या बाईचं काय झालं ते शोधा. मला झोप नाही.” मी शोधलं. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात ती कथा सापडली. बाई नुसती पाणी भरायला आली होती. नानांना फार बरं वाटलं.

त्यांचा काळा कोट इतका जुना होता की त्याला काळा म्हणायचं ते केवळ वकिलाचा म्हणून. कोपरावर तो हिरवट झाला होता. आवाज बारीक. कोर्टात ते मोठ्याने बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. वकील मंडळी त्यांना मागून ‘तारीखनाना’ म्हणत आणि त्यात टोमणा होता, कारण इतर वकील तारखा मागून घेत आणि नाना मात्र दिलेल्या तारखेला साक्षीदारांसकट हजर. “त्र्यंबकराव, जरा दम धरत जा,” असं एक सहकारी त्यांना माझ्यादेखत म्हणाले होते. नाना म्हणाले, “धरतो की. किती तारखेपर्यंत धरू?”

हा त्यांचा स्वभावच होता. कुणी ‘पाहू’ म्हणालं की ते खुर्चीत नीट मागे सरकून बसत. आमच्या वाचनालयाचं छप्पर संदर्भग्रंथांच्या कपाटावर गळत होतं. दोन वर्षं मी अर्ज देत होते आणि कार्यकारिणी दोन वर्षं ‘पाहू’ म्हणत होती. नाना साधे सभासद. वार्षिक सभेत त्यांनी उठून विचारलं, “दुरुस्ती कोणत्या तारखेला?” अध्यक्ष म्हणाले, “लवकरच पाहू.” आभार झाले, चहा झाला, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली. नाना बसलेले. त्यांच्या खालची तेवढी सतरंजी गुंडाळायची राहिली. अध्यक्षांनी दारातून हाक मारली, “नाना, चला, कुलूप लावायचंय.” नाना म्हणाले, “लावा. मी आत आहे असं इतिवृत्तात लिहा, आणि बाहेर कधी काढणार त्याची तारीखही लिहा.” शेवटी अध्यक्ष परत आले आणि हसत हसत तारीख लिहिली. त्या तारखेला गवंडी आला.

गळतीखाली कपाटावर ठेवलेलं घमेलं उचलताना मला जो आनंद झाला, तो मी कुणाला सांगितला नाही. नानांना कळला असावा. ते म्हणाले, “बाई, माणसं वाईट नसतात. तारीख नसली की ती विसरतात.”

पिंपळटेकचं प्रकरण घेऊन कमलअक्का त्यांच्याकडे आल्या, तेव्हा पौष चालू होता. पन्नाशीच्या, उंच, कपाळ मोकळं, पायात टायरच्या चपला. नरडाण्याहून एसटीने येत. नानांच्या घरी ऑफिस म्हणून एकच खोली आणि तीत फायली, त्यामुळे जास्त माणसं आली की ते त्यांना वाचनालयाच्या मागच्या ओसरीवर आणत. त्या दिवशी अक्कांबरोबर त्यांच्या पॅनलचे चार पुरुष होते. पुढारी रमेश, पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं.

गोष्ट साधी होती. नदीकाठच्या विहिरीतून गावात येणारा पाण्याचा पाइप नाल्यातून जायचा आणि तो सडलेला होता. गावातल्या बायका तीन वर्षं पंचायतीला सांगत होत्या, पंचायत ‘पाहू’ म्हणत होती. बायकांसाठी राखीव जागा निघाली तेव्हा अक्का त्या पाइपसाठी उभ्या राहिल्या. प्रचार चालू असतानाच त्या पाइपातून साथ आली. चार माणसं गेली. त्यात अक्कांची सून होती. मग निवडणूक रद्द झाली आणि पुढची होईपर्यंत कारभार जुन्या पंचायतीकडेच राहिला. साथ संपली, पावसाळा गेला, थंडी आली. पाइप तोच. पुढचा उन्हाळा चार महिन्यांवर.

“म्हणजे ज्यांच्या पाइपातून साथ आली, त्यांनाच साथीने मुदतवाढ दिली,” नाना म्हणाले आणि कागदावर काहीतरी टिपलं.

रमेश पुढे सरकला. “नाना, अर्जात सरळ लिहा की साथ नव्हतीच. दोन-चार जणांना जुलाब झाले. मत थांबवायला आकडे फुगवले.”

नानांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते अक्कांकडे वळले. गावच्या माणसांशी ते अहिराणीतच बोलत.

“अक्का, साथ व्हती का?”

“व्हती, नाना. मनी सून गई तिनामा.”

नानांनी पेनाला टोपण लावलं. “रमेशभाऊ, ती सून एकदा खरी गेली. आता कागदावर तिला खोटी घालवू का?”

मग तेच पुढे म्हणाले, “निवडणूक थांबवली ते बरोबर केलं. तिथे मी असतो तर मीही थांबवली असती. आजारी गाव रांगेत उभं करायचं नसतं. पण थांबवताना पुन्हा कधी ते सांगायला पाहिजे होतं. पुढे ढकलणं आणि मोडणं यात फरक असतो तो एका तारखेचा. मी तेवढंच मागणार. कबूल असेल तर वकीलपत्रावर सही करा.”

रमेशला ते पटलं नव्हतं. “इतकं मिळमिळीत मागून हायकोर्ट ऐकेल का?” तो बाहेर जाताना पुटपुटला. अक्कांनी मात्र सही केली. सही करायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ नाना ओसरीबाहेर बघत राहिले.

अर्ज औरंगाबादला हायकोर्टात दाखल झाला. निवडणूक थांबवणाऱ्या वरच्या कचेरीकडून उत्तर आलं की साथ पूर्ण आटोक्यात आलेली नाही, नरडाण्याच्या दवाखान्याच्या नोंदवहीत पावसाळाभर जुलाबाचे रोगी आहेत. नोंदी खोट्या नव्हत्या. त्या दवाखान्यात आसपासच्या दहा गावांचे रोगी येत, इतकंच. कोणत्या गावचा कोण, ते वहीत लिहिलेलं नव्हतं. नाना दोन दिवस ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “बाई, रविवारी माझ्याबरोबर पिंपळटेकला याल का? बायकांची प्रतिज्ञापत्रं घ्यायची आहेत आणि माझ्यासमोर त्या पाण्याबद्दल बोलतात, जुलाबाबद्दल बोलत नाहीत.”

मी फारशी कुठे जाणारी नव्हे. पण गेले.

अक्कांच्या अंगणात सात बायका जमल्या. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. मी म्हणाले, एकेकीने सांगा. एक म्हातारी म्हणाली, “लिखा बाई, आबास्ना घर बोरनं पाणी शे, त्यास्ले काय समजी?” आबा म्हणजे सरपंच, त्यांच्या दारात स्वतःची बोअर होती. दुसरी नानांच्या कोटाकडे बघत होती. “नाना, कोट धोवाले आना का? आमना पाणीमा नका टाकू, आखो काया व्हई जाई.” त्या पाण्यात घातला तर कोट आणखी काळा होईल, या तिच्या बोलण्यावर सगळ्या हसल्या, नानाही हसले, आणि त्या हसण्यानंतर मला लिहायला हात पुरेना. कोणाच्या घरात कोण कधी आजारी पडलं, कोण कधी उठलं. वैशाखाच्या शेवटी शेवटचं माणूस बरं झालं यावर साती जणींचं एकमत होतं. पण हे सारं तोंडी. नानांना ते पुरेसं वाटत नव्हतं, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळत होतं.

अक्कांनी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, भाजून आणले आणि चहा ठेवला. नाना खाटेवर बसून भिंतीकडे बघत होते. देवाच्या तसबिरीमागे एक लग्नपत्रिका खोचलेली होती. मंगल कार्याचा कागद आपल्याकडे कुणी टाकत नाही. नानांना भिंतीवरचा कागद न वाचता चहा पिणं शक्यच नव्हतं. त्यांनी विचारून ती काढली आणि वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा चहा निवला.

पत्रिका आबांच्या मुलीच्या लग्नाची होती. दोंडाईच्याच्या छापखान्यात छापलेली, कोपऱ्यांना हळद. छापलेली तारीख साथीतली होती. ती रेघ मारून खोडलेली, आणि खाली निळ्या शाईने एक महिना पुढची तारीख. शेजारी दोन ओळी: ‘साथीमुळे मुहूर्त बदलला आहे. आता गावात साथ नाही, सर्वांनी निःशंक सहकुटुंब यावे.’

आबा काटकसरी होते. छापून आलेल्या पत्रिका वाया जाऊ द्यायच्या नाहीत म्हणून त्यांनी त्या साऱ्या स्वतः बसून हाताने दुरुस्त केल्या होत्या. पंचायतीच्या प्रत्येक ठरावावर तेच अक्षर होतं आणि ते नानांच्या फाइलमध्ये होतं.

“अक्का, या लगीनले गाव गयं व्हतं का?”

“बठ्ठं गाव गयं व्हतं. मी बी गयतू. पोरनं लगीन शे, तिना काय गुन्हा?”

सारं गाव लग्नाला गेलं होतं म्हटल्यावर मला वाटलं, आता नाना पत्रिका पिशवीत घालतील आणि आम्ही एसटी धरू. पण नाना उठले ते थेट आबांच्या घरी. मी मागे. आबा ओट्यावरच होते. जाड, थकलेला माणूस. साथीत आपल्या ट्रॅक्टरवर रोगी घालून त्यांनीच नरडाण्याला पोचवले होते, हे मला त्याच दिवशी बायकांकडून कळलं होतं आणि नानांनी तेही लिहून घ्यायला लावलं होतं.

नानांनी पत्रिका त्यांच्या हातात दिली. “आबा, ही कोर्टात लावणार आहे. तुम्हाला न सांगता लावणं बरं दिसलं नसतं.”

आबांनी ती उलटसुलट पाहिली. “मंगल कार्याचा कागद कोर्टात नेणार, नाना?”

“पोरीचं नाव झाकून नेईन. तुमचं अक्षर मात्र झाकता यायचं नाही.”

आबांनी त्या निळ्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग म्हणाले, “पाव्हना येवाले भ्येत व्हतात, म्हनीसन लिखं.”

“खरं लिखं ना?”

“खरंच लिखं.”

“मग माझं काम झालं,” नाना म्हणाले. आबांनी पत्रिका परत दिली. फाडली असती तर त्यांना कुणी अडवणार नव्हतं. परतीच्या एसटीत मी नानांना तसं म्हटलं. ते म्हणाले, “हो, मलाही भीती होती. पण चोरून लावली असती तर ती पत्रिका राहिली नसती, चहाडी झाली असती.”

धुळ्यात आल्यावर त्यांनी पत्रिकेच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक कोर्टासाठी, एक माझ्याजवळ ठेवायला. आधी मुलीच्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. माझ्याच टेबलावरचा डिंक घेऊन. पट्टी थोडी वाकडी लागली म्हणून काढून पुन्हा लावली.

सुनावणीला मी गेले नव्हते. तिथे काय झालं ते अक्कांनी दुसऱ्या दिवशी वाचनालयात येऊन सांगितलं. त्या हळू बोलत नसत, आणि त्या दिवशी मी ‘शांतता राखा’ची पाटी त्यांना दाखवली नाही. वर्तमानपत्रं खाली ठेवून सगळे ऐकत होते.

“नाना इतला हयू बोले ना, मी सांगं, गयं आपलं काम. समोरना वकील सांगे, साथ शे, साथ शे. नानानी कागद वर दिधा. जजसाहेब वाचस, परत वाचस. मग ईचारं, ही पट्टी काशी? नाना सांगे, साहेब, पोरनं नाव शे, तिना या झगडामा काही संबंध नही. साहेबनी मान हालाई. मग समोरना वकीलले सांगं...” इथे अक्का थांबल्या आणि सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. “सांगं, लगीनले तारीख भेटस, मग मतले का बरं भेटत नही?”

“जजसाहेब अहिराणीत बोलले?” आमच्या एका वाचकाने विचारलं.

“त्या कशामा बी बोलोत. माले समजनं.”

सहा आठवड्यांच्या आत निवडणूक घ्यावी, असा हुकूम झाला. नाना संध्याकाळी आले, खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. मी अभिनंदन केलं. ते म्हणाले, “कोर्टाने वार नाही सांगितला, फक्त मुदत सांगितली. उद्या कचेरीत जाऊन वार विचारतो.” दुसऱ्या दिवशी ते कचेरीत जाऊन बसले. चैत्रातला एक रविवार मिळाला.

निवडणूक झाली. अक्का निवडून आल्या. त्यांच्या पॅनलचे बाकी सगळे पडले, रमेशही पडला, आणि आबा पुन्हा सरपंच झाले. रमेश तणतणत वाचनालयात आला. “काय उपयोग झाला, नाना? इतकं लढून तीच माणसं!”

“निवडणूक मागितली होती,” नाना म्हणाले. “निकाल मागितला नव्हता. तो मागायचा नसतो.”

रमेश गेल्यावर मात्र ते बराच वेळ एकाच पानावर होते. त्यांनाही वाईट वाटलं होतं. पाइपचं काय होणार, हा प्रश्न त्यांनी मला विचारला नाही आणि मीही काढला नाही.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. नव्या पंचायतीची पहिली सभा झाली. पाइपचा विषय निघाला. आबा म्हणाले, पाहू. सभा संपली. सगळे उठले. अक्का सतरंजीवर बसूनच राहिल्या. शिपाई सतरंजी उचलायला आला तर त्याला म्हणाल्या, तारीख लिखा, मंग ऊठस. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वाचनालयाच्या सभेची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. मी सांगितली नव्हती आणि नाना स्वतःबद्दल काही सांगत नसत. नानांच्या ऑफिसात दोन-तीन महिने बसून त्यांनी ते पाहिलं असावं. आबा दारापर्यंत गेले होते ते परत आले आणि तारीख लिहिली, त्याच निळ्या शाईने. वैशाख संपायच्या आत नवा पाइप पडला, नाल्याला वळसा घालून.

ही बातमी ऐकल्यावर नानांनी चष्मा काढून पुसला. “अक्का किती वेळ बसल्या होत्या?” एवढंच विचारलं.

पुढे काही वर्षांनी त्यांना चालणं अवघड होऊ लागलं. मुलगी जळगावला होती, ती त्यांना घेऊन गेली. खिडकीजवळची खुर्ची मी काही दिवस कुणाला देत नव्हते, मग देऊ लागले. ग्रंथालयांच्या एका बैठकीसाठी जळगावला गेले, तेव्हा त्यांना भेटले. ते अंथरुणावर बसून औषधाच्या बाटलीसोबत येणारा बारीक अक्षरांचा कागद वाचत होते. “बाई, हे सगळं मला होऊ शकतं म्हणे,” ते म्हणाले आणि हसले. मी त्यांच्यासाठी दोन पुस्तकं नेली होती. आम्ही फारसं बोललो नाही. आमचं बोलणं कधीच फार नव्हतं. मुलीने वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. नानांना ते वर्ज्य होतं, ते नुसते बघत बसले आणि मला आणखी घ्यायला लावत राहिले.

निघताना ते काठी टेकत दारापर्यंत आले. मी म्हणाले, “येईन पुन्हा.”

“कोणत्या तारखेला?”

“बघू. सुट्टी मिळाली की येते.”

ते चौकटीला धरून उभे होते. हट्ट धरतील असं मला वाटलं. त्यांनी धरला नाही. “बरं,” म्हणाले. मी फाटकातून वळून पाहिलं तेव्हा ते तिथेच होते, आणि रिक्षा वळेपर्यंत तिथेच असावेत.

सुट्टी मिळायला दोन महिने लागले. त्याआधी त्यांच्या मुलीचं पत्र आलं.

पिंपळटेकचा पाइप अजून तोच आहे आणि गावाला पाणी येतं. पत्रिकेची दुसरी झेरॉक्स माझ्याकडे आहे. आबांच्या मुलीच्या नावाच्या जागी तिच्यावर पांढरी पट्टी आहे. ते नाव मी कधी विचारलं नाही.